बेलफास्टच्या टरेटमधली मधली तोफ मागे का?

प्रश्न: मंडळी, बेलफास्टसारख्या टाउन वर्गातल्या ब्रिटिश क्रूझरच्या (मध्यम आकाराची युद्धनौका) तिहेरी टरेटमध्ये (तीन तोफांचा फिरता बुरूज) मधली नळी मागे सरकलेली दिसते. कारण काय? आणि आधीच्या लिअँडर वर्गातल्या क्रूझरच्या ८ तोफांवरून ब्रिटिश एकदम १२ वर का गेले?

उत्तर १: मधली तोफ ३० इंच मागे बसवली आहे. तिन्ही तोफा एकदम डागल्या की शेजारच्या गोळ्यांना एकमेकांच्या हवेच्या झोताचा धक्का बसून मारा विखुरतो. मधली मागे घेतल्याने ते कमी होतं, शिवाय आत गोळे भरणाऱ्यांना कोपर हलवायला जागा मिळते. गोळा ११२ पौंडांचा आणि भरायचा हातानेच, त्यामुळे ही जागा फार मोलाची.

उत्तर २: १२ चं कारण जपान. १९३० च्या लंडन नौदल कराराने हलक्या क्रूझरची तोफ ६.१ इंचांपर्यंत मर्यादित केली. जपानने मोगामी या क्रूझरवर तशा १५ बसवायचं ठरवल्यावर ब्रिटिशांना गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांना खरं तर लहान, स्वस्त आणि संख्येने जास्त जहाजं हवी होती. ६ तोफांचा अरेथ्युसा वर्ग त्याच विचारातला. बेलफास्टसाठी तर चौहेरी टरेटमध्ये १६ तोफांचा बेत होता, तो सोडून दिला.

उत्तर ३: लिअँडरची खरी दुखरी जागा यंत्ररचना. सगळे बॉयलर पुढे, टर्बाइन (वाफेवर फिरणारी इंजिनं) मागे, म्हणून धुराडं एकच. मोक्याच्या जागी एक टॉर्पेडो लागला की जहाज ठप्प. पुढे याच वर्गाच्या सुधारित सिडनी, पर्थ, होबार्ट या जहाजांमध्ये बॉयलर-टर्बाइनच्या दोन स्वतंत्र जोड्या केल्या, म्हणून दोन धुराडी. आपली आयएनएस दिल्ली म्हणजे लिअँडर वर्गातलीच एकधुराडी अकिलीस; दुसऱ्या महायुद्धात तिचं एक टरेट काढलं होतं, त्यामुळे भारताकडे १९४८ मध्ये आली तेव्हा ६ इंची तोफा सहाच होत्या.