मदत हवी आहे: विटेच्या तुकड्याची घनता, भिजवून की मेण लावून?

नववीच्या मुलांसाठी प्रयोग बसवतोय, दादरला. काट्यावर पाण्याचं चंचुपात्र ठेवून आकडा शून्य करायचा, वस्तू तंगूसाने बांधून तळाला न टेकता पूर्ण बुडवायची. आकडा जितके ग्रॅम वाढेल तितके घनसेंमी आकारमान. पितळ, ॲल्युमिनियम झकास येतात. विटेवर गाडी अडली.

कोरड्या तुकड्याचं वस्तुमान 86.4 ग्रॅम. बुडवताक्षणी 48 दिसतं, मग बुडबुडे सुटतात आणि 10 मिनिटांत 42 वर उतरतं. म्हणजे घनता 1.80 वरून 2.06! कारण कळतं: छिद्रांत पाणी शिरलं की ती जागा आकारमानातून वजा होते. मला छिद्रांसकट घनता हवी आहे.

करून पाहिलेलं: रात्रभर भिजवून, ओल्या फडक्याने पुसून बुडवला, 48 वर स्थिर. मेणात बुडवून 50 आलं, मेण 4.5 ग्रॅम, घनता 0.9 धरून 5 वजा, उरले 45, घनता 1.92. पाण्याऐवजी बारीक वाळूत पुरून आकारमान मोजायचा नाद सोडला, मोजपात्राला टिचकी मारली की वाळूची पातळी बदलते.

काटा 500 ग्रॅमचा, 0.1 पर्यंत दाखवणारा. निर्वात पंप नाही. पाणी साधं नळाचं, तापमानाचा फरक इथे नगण्य.

मेण छिद्रांत शिरल्यामुळे मी जास्त वजा करतोय, असा माझा संशय. मेण गोठायच्या बेतात असताना झटकन बुडवलं तर ते वरच राहील का? आणि भिजवलेल्या तुकड्याचं 48 बिनधास्त धरू का, की पुसण्यात चूक होते?