दुबई : सहा वर्षांची मुलगी, तेरा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांची आई (मदत हवी आहे)

दिवाळीनंतर आम्ही पाच जण पुण्याहून पाच दिवसांसाठी दुबईला जात आहोत. ग्लोबल व्हिलेज (देशोदेशीच्या दालनांची जत्रा) आणि मिरॅकल गार्डन (फुलांची बाग) ही दोन्ही ठिकाणे उन्हाळ्यात बंद असतात, म्हणून मुद्दाम नोव्हेंबर निवडला आहे आणि त्या दोन्ही संध्याकाळी पक्क्या आहेत. पेच आहे तो उरलेल्या दिवसांचा.

लेगोलँड हे मनोरंजन उद्यान 2 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी असल्यामुळे धाकटीला ते नक्की आवडेल, परंतु थोरल्याला अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधील ताशी 240 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या रोलर कोस्टरशिवाय दुसरे काही सुचत नाही. आईचे गुडघे दुखतात. अर्धा तास चालले की ती पिशवीतला रुमाल पायरीवर अंथरून बसते आणि "तुम्ही या फिरून" म्हणते. तिला उन्हात बसवून ठेवणे मला पटत नाही. त्यामुळे पूर्णपणे छताखाली असलेले आयएमजी वर्ल्ड्स हे मनोरंजन उद्यान किंवा मॉलमधले बर्फाचे स्की दुबई (पेंग्विन पाहायला तिलाही आवडतील) हे पर्याय मनात आहेत.

आपल्यापैकी कोणी ज्येष्ठांसह तिथे गेले असल्यास कृपया सांगावे : आयएमजीमध्ये चाकाची खुर्ची सहज मिळते का, दुबईहून फेरारी वर्ल्डला जाऊन त्याच दिवशी परतणे आईला झेपेल का, आणि लेगोलँडसाठी पूर्ण दिवस राखावा की अर्धा पुरेल?