दादाचं लायसन निलंबित, मुदत संपली तरी परत मिळेना – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मोठ्या भावासाठी लिहितोय. दादा भाजीचा पिकअप चालवतो. रात्री दोनला निघायचं, पहाटे मार्केट यार्डात माल उतरवायचा, हे गेली नऊ वर्षं चाललंय. फेब्रुवारीत तो मोटारसायकलवर पेट्रोल भरायला गेला आणि हेल्मेट घरीच राहिलं. नाक्यावर अडवलं, १००० रुपयांचं चलन केलं, लायसन ठेवून घेतलं आणि पावती दिली. चूक दादाचीच, त्याबद्दल वाद नाही. चलन त्याच दिवशी भरलं आणि विषय मिटला असं समजून बसलो.

तिथंच फसलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ डी मध्ये हेल्मेट नसेल तर दंड आहेच, शिवाय तीन महिने लायसनही बंद होतं. पोलिसांनी घेतलेलं लायसन आरटीओकडे जातं आणि आदेश काढण्याआधी तिथं आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस निघाली होती, पण लायसनवरच्या पत्त्यावर, म्हणजे गावच्या कुलूप लावलेल्या घरी. (तुमच्या लायसनवर जुना पत्ता असेल तर कृपा करून आजच बदलून घ्या.) मे महिन्यात आदेशच हातात पडला. दुचाकी, पिकअप, सगळंच बंद. कलम १९ मध्ये ‘सर्व किंवा कोणत्याही वर्गाची वाहनं’ असे शब्द आहेत. सुनावणीला गेलो असतो तर निदान पिकअप वगळा अशी विनंती तरी करता आली असती. अपिलाला ३० दिवस असतात हे कळलं तेव्हा तेही उलटून गेले होते.

त्या तीन महिन्यांत दादानं स्टिअरिंगला हात लावला नाही. निलंबनात गाडी चालवली तर कलम १८२ खाली १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रोजावर ड्रायव्हर ठेवला, तेव्हा गाडीचा हप्ता कसाबसा निघाला.

आता मुदत संपलीय. खिडकीवर म्हणाले, रिफ्रेशर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणा. कायद्यात ती अट आहे, मान्य. जवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून ट्रेनिंग करून सर्टिफिकेट नेलं, तर ‘हे चालणार नाही’. मग कुठलं चालतं, ते कोणी सांगत नाही. त्यात लायसन मूळचं दुसऱ्या जिल्ह्यातलं. इथले म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात ज्यांनी निलंबित केलं त्यांनीच काढायचं. सारथी पोर्टलवर (लायसनच्या सरकारी वेबसाइटवर) अजून ‘निलंबित’च दिसतंय. एजंट पैसे मागतोय, पण दादाला त्या वाटेनं जायचंच नाही.

ज्यांनी महाराष्ट्रात अलीकडे हे केलंय त्यांनी सांगा: कुठल्या संस्थेचं सर्टिफिकेट स्वीकारलं गेलं आणि ट्रेनिंग किती दिवसांचं होतं? पोर्टलवरची नोंद नक्की कुठल्या कार्यालयानं काढली? लेखी अर्ज देऊन पोचपावती घेतली तर काम हललं का? की सरळ माहिती अधिकारात विचारावं?

व्यापारी म्हणतात, मुदत संपलीय, काढ गाडी. पण पोर्टलवर असं दिसत असताना वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल, म्हणून दादा तयार नाही. माझंही तेच मत आहे. टोमॅटोचा हंगाम सुरू झालाय आणि गाडी दारात उभी आहे. सोमवारी पुन्हा आरटीओत जाणार आहोत, त्याआधी कोणाचं उत्तर आलं तर फार उपकार होतील.