वंशावळीच्या फाइल्स कुठे गेल्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरवरचे फोल्डर आवरताना माझ्याच हातून वंशावळीच्या फाइल्स कुठेतरी हलल्या. आता सॉफ्टवेअर उघडलं की कोरी स्क्रीन. ७ पिढ्यांची नावं आहेत हो त्यात! आजीच्या तोंडून ऐकून एकेक टिपलेली, आणि आता विचारायला आजी नाही.

विंडोजच्या शोधपट्टीत '.जीईडी' (.ged, जेडकॉम म्हणजे वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीच्या फाइलच्या नावाचा शेवट) टाकलं, रिसायकल बिनही पालथा घातला. एक जुनी जेडकॉम फाइल सापडली; नोटपॅडमध्ये उघडली तर २ पिढ्यांवरच संपते. जेडकॉम म्हणजे साधा मजकूरच, मग फाइलचं नाव आठवत नसताना आतल्या आडनावावरून शोधता येईल का? शिवाय 'ॲपडेटा' (सॉफ्टवेअर आपली माहिती ठेवतात तो) फोल्डर लपवलेला असतो, तोही शोधात कसा घ्यायचा?

तोवर नवीन काहीच सेव्ह करत नाहीये. कुणी असं शोधून काढलं असेल तर कृपया सांगा.