पीतबिंदूखालच्या असामान्य रक्तवाहिन्या आणि वनस्पतिजन्य संयुगे : इंजेक्शनला पर्याय आहे का?

अक्षरवेल (प्रश्न)

माझ्या आईचे वय ७४ आहे. दीड महिन्यापूर्वी ती म्हणाली, की दाराची चौकट मधोमध फुगल्यासारखी दिसते. आधी आम्हाला वाटले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. पण उजवा डोळा झाकल्यावर तिला वहीतली सरळ रेघ नागमोडी दिसू लागली आणि रेघेचा मधला तुकडा पुसल्यासारखा झाला होता. ओसीटी तपासणीत (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारे स्कॅन) डाव्या डोळ्याच्या पीतबिंदूखाली, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाखाली, पाणी साचलेले आढळले. पडद्यामागच्या थरातून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर आल्या असून त्या पाझरत आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. निदान वेट एएमडीचे, म्हणजे वयोमानाने होणाऱ्या पीतबिंदूच्या झिजेच्या पाझरणाऱ्या प्रकाराचे आहे.

अँटी-व्हीईजीएफचे, म्हणजे नव्या वाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवणाऱ्या औषधाचे, पहिले इंजेक्शन झाले असून दुसरे पुढच्या आठवड्यात आहे. डोळ्यात सुई जाणार या विचाराने आईला आदल्या रात्री झोप लागत नाही. अशात एका नातेवाइकांनी एक लेख आणि कॅप्सूलची बाटली पाठवली. हळदीतले कुरक्यूमिन, द्राक्षांतले रेझव्हेराट्रॉल, हिरव्या चहातले एक द्रव्य आणि एका ऑर्किडच्या कंदातले संयुग अशा रक्तवाहिन्यांची वाढ थांबवते, असे त्या लेखात प्रयोगांच्या आधारे म्हटले आहे. यात तथ्य किती? असल्यास इंजेक्शन थांबवून हा मार्ग धरता येईल का? आणि हे खरे असेल, तर अजून त्याचे औषध का झाले नाही?

निरभ्र

तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर मी काही वर्षे प्रयोगशाळेत काम केले आहे. मी डॉक्टर नाही.

लेखातला मूळ दावा खोटा नाही. प्राणवायूला आसुसलेला पडदा एखादे द्रव्य सोडत असावा आणि त्याच्या हाकेने नव्या वाहिन्या येत असाव्यात, असा तर्क मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. फोकमन यांनी १९७१ मध्ये कर्करोगाच्या गाठींच्या संदर्भात असाच विचार मांडला आणि १९८९ मध्ये फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळे करून ओळखले. आईंना मिळणारे इंजेक्शन हे प्रथिन पेशीबाहेरच पकडून ठेवते. वनस्पतींतली अनेक संयुगे मात्र पेशीच्या आत, या हाकेला ‘ओ’ देणाऱ्या साखळीतल्या कुठल्या ना कुठल्या कडीवर काम करतात.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसते. जेलच्या पातळ थरावर पेशी पसरल्या, की काही तासांत त्या हात लांबवून एकमेकींना धरतात आणि जाळीसारख्या नळ्या तयार होतात. त्यात कुरक्यूमिन घातले, की जाळी तुटते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मलाही फार आनंद झाला होता. पण त्या बशीत पेशींना मिळणारी मात्रा कॅप्सूल गिळून डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही. तोंडावाटे घेतलेल्या कुरक्यूमिनचा फार थोडा भाग रक्तात उतरतो. बाकीचे आतड्यात आणि यकृतात रूप बदलून शरीराबाहेर जाते. उरलेल्यालाही रक्त आणि डोळ्याचा पडदा यांच्यातली कडेकोट भिंत ओलांडायची असते. शिवाय कुरक्यूमिन पाण्यात लवकर विघटित होते, स्वतः चमकते आणि अनेक प्रथिनांना चिकटते, त्यामुळे ते चाचण्यांमध्ये गुण नसतानाही गुणकारी भासू शकते, असा इशारा औषधरसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एका विस्तृत आढाव्यात दिला होता.

यापुढचा टप्पा उंदरांचा. पडद्याखालच्या ब्रुकच्या पटलाला (पडदा आणि त्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर यांच्यामधला पातळ पापुद्रा) लेसरने छिद्र पाडले, की आठवड्या-दोन आठवड्यांत तेथे नव्या वाहिन्या येतात. हा प्रयोग उपयुक्त आहे, पण ती एक ताजी जखम असते आणि काही आठवड्यांत ती आपली आपणच बरी होऊ लागते. माणसाचा आजार मात्र कित्येक वर्षांच्या झिजेतून येतो. उंदराला पीतबिंदूच नसतो, ही गोष्ट तर असे लेख क्वचितच सांगतात.

ऑर्किडची गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. क्रेमास्ट्रा अपेंडिक्युलाटा या ऑर्किडमध्ये क्रेमास्ट्रॅनोन नावाचे संयुग असते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात टिमोथी कॉर्सन यांच्या गटाने त्याचा पाठपुरावा केला, त्याची सुधारित रूपे तयार केली आणि हे संयुग पेशीत नेमके कोणाला पकडते, याचा शोध घेतला. उत्तर अनपेक्षित निघाले : फेरोकेलाटेज, म्हणजे हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) तयार होताना त्यात लोह बसवणारे विकर (एन्झाइम). डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या वाढीशी त्याचा संबंध असेल, असे तोवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ग्रिसिओफुल्विन हे जुने बुरशीनाशक औषध याच विकराला अडवते, हे आधीपासून माहीत होते. उंदरांमध्ये त्याने नव्या वाहिन्यांची वाढ कमी झाल्याचे त्याच गटाने २०१७ मध्ये दाखवले. कृपया यावरून ते औषध आईंना देऊ नका. माणसाच्या या आजारात त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

माझ्या मते वनस्पतींचे खरे देणे येथे आहे. वनस्पती आपल्याला नवी कुलपे दाखवतात; किल्ली मात्र बहुतेक वेळा घडवून घ्यावी लागते आणि त्यालाच वर्षे लागतात. कधी ती घडतही नाही. कॉम्ब्रेटम कॅफ्रम या आफ्रिकी झाडातल्या कॉम्ब्रेटास्टॅटिनपासून बनवलेले द्रव्य डोळ्यांच्या आजारांसाठी माणसांवरील प्राथमिक चाचण्यांपर्यंत पोहोचले, पण नेत्रोपचारातले मान्यताप्राप्त औषध होऊ शकले नाही. उलट काचबिंदूसाठी पिलोकार्पिन आणि बाहुली मोठी करण्यासाठी अ‍ॅट्रोपिन ही दोन्ही वनस्पतींकडूनच आली आहेत आणि डॉक्टर ती थेंबांच्या रूपात बिनदिक्कत वापरतात. म्हणून नेत्रवैद्यकाला वनस्पतींचे वावडे आहे, असे समजू नका.

काठावरचा

वरील विवेचनात मला एकच गोष्ट जोडायची आहे, आणि ती जड मनाने लिहितो आहे. माझ्या वडिलांना हाच आजार होता. तीन इंजेक्शनांनंतर त्यांना बरे दिसू लागले, तेव्हा आम्हीच ठरवले की आता वनस्पतींच्या गोळ्यांवर राहू. चार महिने सर्व ठीक वाटले, कारण दुसरा डोळा चांगला होता आणि तो सारे सांभाळून घेत होता. एका सकाळी त्यांना आरशात स्वतःचा चेहरा दिसेना. कान दिसत, केस दिसत, मध्ये करडा डाग. पडद्याखाली रक्तस्राव होऊन तेथे व्रण धरला होता. पुन्हा इंजेक्शने सुरू केली, पाणी ओसरले, पण व्रणाखालच्या पेशी परत आल्या नाहीत. गोळ्यांनी त्यांचे नुकसान केले, असे मी म्हणत नाही. गोळ्यांच्या भरवशावर जो वेळ गेला, त्याने केले. आईंची पुढची तारीख चुकवू नका, एवढीच कळकळीची विनंती.

पापणी

मी नेत्रतज्ज्ञ आहे. आईंना न तपासता उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी सर्वांनाच लागू आहेत.

रॅनिबिझुमॅब या अँटी-व्हीईजीएफ औषधाच्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात वर्षभरानंतर सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी तक्त्यावर १५ अक्षरांइतकी घटली नव्हती. इंजेक्शनचा केवळ आभास दिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. औषध मिळालेल्यांपैकी, पूर्ण मात्रेच्या गटात, सुमारे एकतृतीयांश रुग्ण १५ किंवा अधिक अक्षरे जास्त वाचू लागले. कोणत्याही वनस्पतिजन्य संयुगाच्या मागे या आजारात असा पुरावा आज उभा नाही.

तुमच्या लेखात बहुधा ल्युटीनचाही उल्लेख असेल. १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन, सोबत जीवनसत्त्व क, ई, जस्त आणि तांबे, हे मिश्रण एआरईडीएस-२ या अभ्यासातून पुढे आले. मध्यम अवस्थेतला आजार तीव्र अवस्थेत जाण्याची शक्यता अशा मिश्रणाने कमी होते. म्हणून आईंच्या उजव्या डोळ्यासाठी त्याचा विचार करता येईल. डाव्या डोळ्यातला पाझर मात्र त्याने थांबणार नाही.

बाटलीवरचे घटक नीट वाचा. त्यात गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) असेल आणि आई रक्त पातळ करणारे औषध घेत असतील, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एकही कॅप्सूल देऊ नका. कोणत्याही वनस्पतीचा रस वा घरी केलेला अर्क डोळ्यात घालणे तर पूर्णपणे टाळावे; तो निर्जंतुक नसतो.

आता भीतीविषयी. सुई जाते तेव्हा डोळा बधिर असतो, बहुतेकांना केवळ दाब जाणवतो. नंतर काही तास जी आग होते, ती बव्हंशी जंतुनाशक पोव्हिडोन-आयोडीनची असते, सुईची नव्हे. सुरुवातीची मासिक इंजेक्शने झाल्यावर पडदा कोरडा राहिला, तर दोन इंजेक्शनांमधले अंतर हळूहळू वाढवता येते. इंजेक्शननंतर दुखणे आणि लाली वाढत गेली आणि दिसणे कमी झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जंतुसंसर्ग विरळा असतो, पण त्यात तासांना महत्त्व असते.

अक्षरवेल

तिघांचेही मनःपूर्वक आभार. बाटली पुन्हा पाहिली. बारीक अक्षरांत गिंको लिहिलेले आहे आणि आई गेली सहा वर्षे अ‍ॅस्पिरिन घेते. बाटली बाजूला ठेवली असून डॉक्टरांना दाखवणार आहे. पुढच्या आठवड्यातली तारीख कायम आहे. आग आयोडीनची असते हे आईला वाचून दाखवले, तर ती म्हणाली, “मग शेवटी डोळा जरा जास्त धुवायला सांगता येईल का?”

पापणी

अवश्य सांगा. इंजेक्शन झाल्यावर निर्जंतुक द्रवाने डोळा नीट धुतल्याने बऱ्याच जणांची आग कमी होते. फक्त इंजेक्शनपूर्वीचे आयोडीन कमी करायला सांगू नका. संसर्ग टाळण्यासाठी ते आवश्यक असते.