बोटीतून जनावरं दिसतात, पण वेळ साधली तर

जंगलातल्या बोटीच्या फेरीत नुसतं पाणीच दिसतं, जनावर नाही, असं काही जण म्हणतात ते मला पटत नाही. भर दुपारची फेरी घेतली तर तसं होणारच. बोर्निओ बेटाच्या मलेशियातल्या भागात किनाबातांगन नदीवर आम्ही संध्याकाळी चारला निघालो. तिथली लांब नाकाची माकडं दिवसा आत जंगलात चरतात अन् झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. नावाड्याने इंजिन बंद केलं, तशी पानं पाण्यावर टपटप पडताना ऐकू आली. आमच्या भंडाऱ्यातल्या पवनीकडचे ढिवर, म्हणजे मासेमार, वैनगंगेत पक्ष्यांजवळ वल्हं असंच अलगद टाकतात.

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. काठावरच्या झाडीमागे लगेच पामतेलाच्या बागा. जनावरं एवढ्या जवळ दिसतात, कारण त्यांना मागे सरकायला जंगल फारसं उरलेलं नाही.