न बुडालेल्या जहाजांचे पुढे काय झाले? – मॉरिटेनिया, ऑलिंपिक आणि चार धुरांड्यांची इतर जहाजे

जुनी गोदी:

नमस्कार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रवासी जहाजांबद्दल गेले काही महिने मी सवड मिळेल तसे वाचतो आहे आणि त्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. टायटॅनिकचे नाव ऐकले नाही असा माणूस विरळाच. पण त्या जहाजाने प्रवाशांना घेऊन पुरते पाच दिवसही काढले नव्हते. त्याचेच थोरले भावंड असलेले ऑलिंपिक जून १९११ पासून जवळजवळ २४ वर्षे साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या दरम्यान ये-जा करत राहिले, आणि मॉरिटेनियाने तर २७ वर्षांच्या सेवेतील २० वर्षे अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान स्वतःकडे राखला. तरीही ही दोन्ही जहाजे अखेर भंगारात गेली आणि आज त्यांची नावे बहुधा टायटॅनिकच्या संदर्भातच घेतली जातात.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आपल्या काळात इतकी नावाजलेली जहाजे शेवटी मोडीत का काढावी लागली. ती खरोखरच जीर्ण झाली होती की कारण वेगळे होते? आणि जहाज बुडाले तरच त्याचे नाव मागे राहते, हे खरे आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दीपस्तंभ:

प्रश्न आवडला. पहिल्या भागाचे उत्तर मॉरिटेनियाच्या आधाराने देतो, कारण त्या जहाजाचा उदय आणि शेवट दोन्ही समुद्रापेक्षा जमाखर्चाच्या वहीने ठरवले, असे माझे मत आहे.

१९०२ मध्ये अमेरिकी भांडवलदार जे. पी. मॉर्गन यांनी अनेक जहाज कंपन्या एका छत्राखाली आणल्या आणि टायटॅनिक आणि ऑलिंपिक पुढे जिने चालवली ती व्हाइट स्टार लाइनही त्यांच्या ताब्यात गेली. वेगाचा मान त्या वेळी जर्मन जहाजांकडे होता. उरलेली कुनार्ड कंपनी ब्रिटिशांच्याच हाती राहावी म्हणून ब्रिटिश सरकारने तिला २६ लाख पौंडांचे कर्ज अवघ्या पावणेतीन टक्के व्याजाने दिले आणि त्यातून ल्युसिटेनिया व मॉरिटेनिया ही जोडी उभी राहिली. युद्ध झाल्यास दोन्ही जहाजे नौदलाच्या उपयोगी पडावीत, ही त्यामागची अट होती. चार्ल्स पार्सन्स यांच्या वाफेच्या टर्बाइनवर चालणारी टर्बिनिया ही ४४ टनांची छोटी बोट १८९७ मध्ये नौदलाच्या संचलनात सर्वांच्या डोळ्यांदेखत सुसाट धावली होती. त्यानंतर दहाच वर्षांनी तेच तंत्र जवळपास ३२,००० टनांच्या जहाजात बसवणे हे धाडस होते आणि ते पूर्ण यशस्वी झाले. मॉरिटेनियाने १९०९ मध्ये पश्चिमेकडच्या फेरीत २६ नॉटांहून (ताशी सागरी मैलांहून) अधिक सरासरी वेग गाठला आणि तो विक्रम १९२९ मध्ये ब्रेमेन या जर्मन जहाजाने मोडेपर्यंत टिकला. त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मॉरिटेनियाने स्वतःची आजवरची सर्वांत वेगवान फेरी केली. मान परत मिळाला नाही. पण जहाज जीर्ण झाले होते का, या आपल्या शंकेचे याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

मात्र हा वेग फार महाग पडत असे. जहाजाचा वेग थोडा वाढवायचा तर त्यासाठी लागणारी शक्ती कितीतरी पटींनी वाढते, साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात. मॉरिटेनियाच्या भट्ट्या दिवसाला सुमारे १,००० टन कोळसा खात असत आणि तो फावड्याने आत टाकणारी शेकडो माणसे जहाजाच्या तळाशी, असह्य उष्णतेत, पाळीपाळीने राबत असत. ही माणसे कोणत्याही जाहिरातीत दिसत नाहीत, म्हणून त्यांचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. पहिल्या महायुद्धानंतर भट्ट्या तेलावर चालू लागल्या, तेव्हा ऑलिंपिकवरील या कामगारांची संख्या सुमारे ३५० वरून ६० वर आली.

खरा घाव बसला तो प्रवाशांच्या संख्येवर. या जहाजांची कीर्ती पहिल्या वर्गाच्या भोजनगृहांवर आणि जिन्यांवर उभी असली, तरी त्यांच्या उत्पन्नाचा भक्कम आधार खालच्या मजल्यांवरून जाणारे स्थलांतरित हाच होता. एकट्या १९०७ मध्ये १२ लाखांहून अधिक लोक अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी उतरले होते. १९२१ मध्ये आणि पुन्हा अधिक कडकपणे १९२४ मध्ये अमेरिकेने देशवार मर्यादा घातल्या आणि युरोपमधून येणाऱ्यांचा वार्षिक आकडा सुमारे १ लाख ६५ हजारांवर आणून ठेवला. ज्या वाहतुकीसाठी ही जहाजे बांधली होती, तीच एका कायद्याने आटली. कंपन्यांनी खालच्या वर्गाची रंगरंगोटी करून तो कमी खर्चात प्रवास करू पाहणाऱ्या पर्यटकांना विकला आणि काही वर्षे निभावून नेली. परंतु १९२९ नंतरच्या मंदीत तेही प्रवासी घटले. मॉरिटेनियाला पांढरा रंग देऊन सहलींवर पाठवण्याची वेळ आली.

१९३४ मध्ये कुनार्ड आणि व्हाइट स्टार यांचे विलीनीकरण झाले. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे डिसेंबर १९३१ पासून अर्धवट पडलेल्या क्वीन मेरी या कुनार्डच्या नव्या जहाजाच्या पूर्ततेसाठी सरकारी कर्ज हवे असेल तर दोन्ही कंपन्यांनी एकत्र यावे, ही सरकारची अट होती. नव्या कंपनीकडे जहाजे गरजेपेक्षा जास्त झाली आणि जुन्यांचा क्रम लागला. २६ सप्टेंबर १९३४ रोजी मॉरिटेनियाने शेवटची अटलांटिक फेरी करण्यासाठी न्यूयॉर्क सोडले आणि त्याच दिवशी क्लाइडबँकला क्वीन मेरीचे जलावतरण झाले. पुढच्या वर्षी जहाजातील सामानाचा साउदॅम्प्टनमध्ये लिलाव झाला आणि जुलै १९३५ मध्ये ते स्कॉटलंडमधील रोझाइथच्या जहाजतोडणीच्या गोदीत पोहोचले. फोर्थ नदीवरच्या पुलाखालून जाता यावे म्हणून डोलकाठ्यांचे शेंडे आधीच कापून टाकले होते.

मचवा:

दीपस्तंभ यांच्या उत्तराशी सहमत आहे. मला ऑलिंपिकबद्दल थोडे जोडायचे आहे, कारण त्या जहाजाच्या शेवटाकडे केवळ हळहळ व्यक्त करून पाहणे अपुरे ठरेल.

ऑलिंपिकच्या वाट्याला काही कमी आले नव्हते. सप्टेंबर १९११ मध्ये हॉक या युद्धनौकेशी त्याची टक्कर झाली. महायुद्धात त्याने सुमारे दोन लाख लोकांची ने-आण केली, त्यांत बहुसंख्य सैनिक होते, आणि मे १९१८ मध्ये यू-१०३ या जर्मन पाणबुडीला स्वतःच धडक देऊन बुडवले. खलाशांनी त्याला ‘ओल्ड रिलायबल’, म्हणजे जुना भरवशाचा, असे नाव दिले होते. मे १९३४ मध्ये मात्र दाट धुक्यात अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील नॅन्टकेटपाशी नांगरून असलेल्या दीपनौकेच्या (दीपस्तंभाचे काम करणाऱ्या नौकेच्या) बिनतारी संकेताच्या रोखाने येताना ऑलिंपिक थेट त्या नौकेवरच आदळले आणि तिच्यावरच्या ११ पैकी ७ जणांचा मृत्यू झाला. ऑलिंपिकची थोरवी सांगताना हे सात जण अनेकदा गाळले जातात, ते गाळू नयेत असे मला मनापासून वाटते.

१९३५ मध्ये जहाज विक्रीस निघाले तेव्हा सर जॉन जार्व्हिस या खासदारांनी ते सुमारे १ लाख पौंडांना घेतले आणि टाइन नदीवरच्या जॅरो गावी तोडण्यासाठी पाठवले. जॅरो हे पामर्स कंपनीच्या गोदीवर जगणारे गाव होते. ती गोदी बंद पडल्यामुळे तेथील बहुतेक कामकरी पुरुष बेकार झाले होते. ज्यांचे हात जहाजे बांधण्यात तयार झाले होते, त्यांना जहाज तोडण्याचे का होईना, काम मिळावे, हा या व्यवहारामागचा उघड हेतू होता. काहीशे लोकांना काही काळ रोजगार मिळाला. तो पुरेसा नव्हता हे पुढच्याच वर्षी दिसले. ऑक्टोबर १९३६ मध्ये सुमारे २०० माणसे रोजगाराची मागणी घेऊन जॅरोहून लंडनपर्यंत पायी चालत गेली, त्या वेळी ऑलिंपिकचा सांगाडा अजून त्यांच्याच गावच्या धक्क्याला होता. १९३७ मध्ये उरलेला तळ ओढून इन्व्हरकीथिंगला नेला आणि तेथे तो संपला. त्यामुळे ते जहाज जतन का केले नाही, असे कोणी विचारले की मला आधी ते गाव आठवते.

जाता जाता एक खुलासा. ऑलिंपिक आणि टायटॅनिक यांची गुपचूप अदलाबदल झाली होती, अशी एक कथा नेहमी सांगितली जाते. बेलफास्टच्या बांधणीत ऑलिंपिकचा क्रमांक ४०० होता आणि टायटॅनिकचा ४०१. समुद्रतळावरच्या अवशेषांत जहाजाला पुढे ढकलणाऱ्या पंख्यावर ४०१ हाच आकडा दिसला आहे. ही कथा या धाग्यावर नव्याने सुरू होऊ नये.

वाऱ्याची दिशा:

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. जहाज बुडाले की त्याचे नाव राहते, हे मला पटत नाही, आणि एम्प्रेस ऑफ आयर्लंड हे त्याचे ठळक उदाहरण आहे. २९ मे १९१४ च्या पहाटे सेंट लॉरेन्स नदीत, धुक्यात, नॉर्वेचे स्टॉरस्टाड हे कोळशाचे जहाज त्याच्या कुशीत घुसले आणि अवघ्या १४ मिनिटांत एम्प्रेस बुडाले. त्यात १,०१२ माणसे गेली. टायटॅनिकला दोनच वर्षे झाली होती, तरीही ही दुर्घटना कॅनडाबाहेर फारशा कोणाच्या स्मरणात नाही. दोन महिन्यांत महायुद्ध पेटले, हे एक कारण झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: १४ मिनिटांत, अंधारात, बहुतेक प्रवासी झोपेत असताना जे घडले, त्याची सलग कथा सांगायला फार थोडे लोक उरले. टायटॅनिक बुडायला दोन तास चाळीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात बिनतारी संदेश गेले, लोकांनी निर्णय घेतले, निरोप घेतले, आणि वाचलेल्या सुमारे ७०० जणांनी ते सगळे चौकशीत आणि वृत्तपत्रांत सांगितले. लोकांच्या लक्षात राहिली ती ही कथा, असे माझे मत आहे.

ब्रिटानिक, म्हणजे ऑलिंपिक आणि टायटॅनिक यांच्याच मालिकेतले तिसरे जहाज, नोव्हेंबर १९१६ मध्ये एजियन समुद्रात पाणसुरुंगाने बुडाले तेव्हा ते रुग्णालय जहाज होते. ते टायटॅनिकपेक्षा मोठे होते आणि ५५ मिनिटांत बुडाले, परंतु १,००० हून अधिक लोक वाचले आणि ३० दगावले. इतक्या जणांचे प्राण वाचले, आणि तेच जहाज सर्वांत कमी आठवले जाते.

ल्युसिटेनियाचे तसे नाही. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्यालगत यू-२० च्या एकाच पाणतीराने १८ मिनिटांत बुडालेल्या त्या जहाजाचे नाव टिकले, कारण मृतांत १२८ अमेरिकी होते आणि त्या घटनेला राजकीय अर्थ लगेच चिकटला.

जुनी गोदी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जॅरोची माहिती मला अजिबात नव्हती आणि ती वाचल्यावर ऑलिंपिकच्या शेवटाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, हे प्रामाणिकपणे सांगतो. आणखी एकच विचारतो. चार धुरांड्यांची एकूण जहाजे किती होती आणि त्यांतले एखादे तरी आज कोठे पाहायला मिळते का?

दीपस्तंभ:

चार धुरांड्यांची प्रवासी जहाजे एकूण १४ बांधली गेली: जर्मनीची पाच, कुनार्डची तीन, व्हाइट स्टारची तीन, फ्रान्सचे एक आणि दक्षिण आफ्रिकेच्या मार्गावरची दोन. त्यांपैकी ९ तोडली गेली. उरलेल्या पाचांत ल्युसिटेनिया, ब्रिटानिक, कैसर विल्हेल्म डर ग्रोस आणि विंडसर कॅसल ही चार दोन महायुद्धांत गेली. शांततेच्या काळात, नेहमीच्या प्रवासात बुडालेले एकटे टायटॅनिकच. आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हा आकडा मला फार बोलका वाटतो, कारण सगळ्या जगाला जो शेवट माहीत आहे तो चौदांतल्या एकाचाच आहे आणि नेहमीचा शेवट रोझाइथ किंवा इन्व्हरकीथिंगसारख्या गोदीत गॅसच्या ज्योतीखाली झाला. अखेरपर्यंत चारही धुरांडी राखून सर्वांत दीर्घ सेवा अ‍ॅक्विटेनियाची म्हणावी लागेल. १९१४ ते १९५० या काळात दोन्ही महायुद्धांत सैनिक वाहून ते फासलेन येथे तोडले गेले.

तीन धुरांड्यांच्या मोठ्या जर्मन जहाजांची गतीही वेगळी नव्हती. इम्परेटर आणि बिस्मार्क युद्धानंतर ब्रिटिशांकडे येऊन बेरेंगेरिया आणि मॅजेस्टिक झाली. फाटरलांट १९१४ पासून न्यूयॉर्कला अडकून पडले होते. १९१७ मध्ये अमेरिकेने ते ताब्यात घेऊन त्याचे नाव लेव्हायथन ठेवले. बेरेंगेरियाच्या जुन्या विजेच्या तारांमुळे १९३८ मध्ये आगी लागू लागल्या आणि तेही जार्व्हिस यांच्यामार्फत जॅरोलाच आले.

चौदांपैकी एकही आज उभे नाही. वस्तू मात्र आहेत. ऑलिंपिकच्या जिन्यावरचे कोरीव घड्याळ साउदॅम्प्टनच्या संग्रहालयात आहे, त्याचे लाकडी तक्तपोशीचे काम इंग्लंडमधील अ‍ॅनिक गावच्या व्हाइट स्वान हॉटेलात आहे आणि मॉरिटेनियाचे काही नक्षीकाम ब्रिस्टलमधल्या एका मद्यगृहात लावलेले आहे.

मचवा:

यात दोन छोट्या बोटींची भर घालतो. वर उल्लेख आलेली टर्बिनिया न्यूकॅसलच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. आणि नोमॅडिक ही प्रवाशांना धक्क्यावरून मोठ्या जहाजापर्यंत पोहोचवणारी बोट, जिने १० एप्रिल १९१२ रोजी शेरबूर्गच्या बंदरात प्रवाशांना टायटॅनिकवर नेऊन सोडले, ती मधली अनेक वर्षे पॅरिसमध्ये सीन नदीवर उपाहारगृह म्हणून उभी होती. २००६ मध्ये ती बेलफास्टला परत आणली गेली आणि डागडुजीनंतर आता तेथील जुन्या गोदीत लोकांसाठी खुली आहे. व्हाइट स्टारच्या साऱ्या ताफ्यातून शिल्लक राहिलेली ती एकच बोट. तिची लांबी सुमारे ६७ मीटर आहे, म्हणजे ऑलिंपिकच्या पावपटीहूनही थोडी कमी.